अण्णांच्या चेतकचं इंजिन आणि नववीचा हिशोब



आठवीला आपण वृत्तचितीचं घनफळ शिकवतो. πr²h हे सूत्र मुलं पाठ करतात, पाण्याच्या टाकीची दोन उदाहरणं सोडवतात आणि विसरून जातात. नववीत आल्यावर विचारलं की वर्गात शांतता. या वर्षी मी ती टाकी बाजूला ठेवली आणि घरच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी असलेली बजाज चेतक वर्गात घेतली. म्हणजे गाडी शेडमध्येच राहिली, तिचा हिशोब वर्गात आणला. झालं असं की त्याच दिवसांत तिचं इंजिन बांधायला काढलं होतं, आणि 'किती खर्च येईल?' या प्रश्नाचं उत्तर घरात कोणालाच नीट देता येत नव्हतं. मलाही नाही, आणि मी गणित शिकवते.

गाडी १९८६ ची. माझे वडील, म्हणजे आमचे अण्णा, शिक्षक होते. लासुर्ण्याहून शाळेला जायचं, भवानीनगरला कारखान्यावर काम असलं की तिकडं, बाजाराला बारामती, सगळं याच गाडीवर. चेतक १९७२ मध्ये आली, आकुर्डीच्या कारखान्यात बनायची, हे तुम्हाला माहीत असेलच. नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघायची तो काळ तुमच्या घरातल्या मोठ्यांना विचारा, प्रत्येकाकडं एक गोष्ट निघेल. आमच्या गाडीवर अजून एम पासून सुरू होणारा तीन अक्षरी जुना नंबर आहे. चार वर्षं ती बंद होती. भंगारवाला दर दिवाळीला येऊन विचारायचा. शेवटचा भाव त्यानं ४,००० रुपये सांगितला. अण्णा त्याला चहा पाजायचे आणि परत पाठवायचे.

अण्णांनी एक काम मात्र फार चांगलं करून ठेवलंय. गाडी घेतली त्या दिवसापासून एका वहीत तिचा खर्च लिहिलाय. पेट्रोल, टायर, क्लच वायर, सगळं तारखेसह. ही वही मी वर्गात नेली. पालकांना माझं सांगणं आहे, घरात अशी वही असेल तर रद्दीत घालू नका. मुलांना इतका चांगला अभ्यासाचा कागद बाजारात मिळत नाही.

वहीत दोन नोंदी आमच्या कामाच्या निघाल्या. पहिली १९९४ ची : 'ब्लॉक बोअर, पिस्टन पंचवीस.' दुसरी २०१९ ची : 'रिंगा टाकल्या, रु. १,४००.' त्याखाली दोन महिन्यांनी अण्णांच्याच अक्षरात एक शब्द : 'धूर.'

मुलांनी आधी विचारलं, पंचवीस म्हणजे काय? सिलिंडर घासून मोठा झाला की तो लेथवर पुन्हा गोल कापतात, त्याला बोअर मारणं म्हणतात. मग त्यात थोडा मोठा पिस्टन बसवायचा. मूळ माप ते स्टँडर्ड. त्याहून ०.२५ मिलिमीटर मोठा तो 'पंचवीस', ०.५० मोठा तो 'पन्नास'. दुकानात याच नावानं मागायचा.

चेतकच्या सिलिंडरचा व्यास ५७ मिलिमीटर, आणि पिस्टन वरखाली जातो ते अंतरही ५७ मिलिमीटरच. फळ्यावर लिहिलं, त्रिज्या २८.५, वर्ग ८१२.२५. मुलांनी π ला ३.१४ घेतलं, उत्तर आलं १४५.३८ घन सेंटिमीटर. एकानं २२/७ घेतलं, त्याचं आलं १४५.५१. दोघांचं भांडण लागलं. मग कॅल्क्युलेटरमधला π घेऊन केलं, १४५.४५. आणि कंपनीनं गाडीची क्षमता दिलीय ती बरोबर १४५.४५ सीसी. वर्गात जो आवाज झाला तो मी इतक्या वर्षांत टाकीच्या उदाहरणाला कधी ऐकला नव्हता. 'सीसी म्हणजे घन सेंटिमीटर' हे बऱ्याच जणांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. रोज एकशे पंचवीस, दीडशे बोलत असतात.

आता पुढचा प्रश्न. व्यास ५७ चा ५८ केला तर क्षमता किती टक्के वाढेल? जवळजवळ सगळ्यांनी १ भागिले ५७, म्हणजे पावणेदोन टक्के सांगितलं. करून बघा. १५०.६ येतं, म्हणजे साडेतीन टक्के. त्रिज्येचा वर्ग होतो म्हणून वाढ दुप्पट. आमच्या गाडीला नंतर पन्नासचा पिस्टन बसला, तिची क्षमता आता १४८ सीसी. ५७.५ घेऊन पडताळा.

इथपर्यंत सगळं पुस्तकातलं. खरी गंमत खर्चाच्या हिशोबात आली, आणि तिथं मुलांबरोबर मीही शिकले.

गॅरेज आमच्या जंक्शनच्या बाजूला. मिस्त्री वयानं मोठे आहेत, मुलं त्यांना मामा म्हणतात. या भागात जुन्या यंत्रांना हात लावणारी माणसं अजून मिळतात, त्याचं एक कारण शेजारचं वालचंदनगर आहे असं मला वाटतं. तिथं साखर कारखान्याबरोबर यंत्रं बनवणारा कारखाना उभा राहिला आणि लेथवर काम करणाऱ्यांच्या पिढ्या तयार झाल्या. आमचा ब्लॉक ज्यांनी बोअर केला ते असेच एक निवृत्त टर्नर.

मिस्त्रींनी पहिल्या दिवशी गाडी नुसती बघून अंदाज सांगितला. पिस्टन किट १,१००, बोअर ५००, गॅस्केट-पॅकिंग १६०, मजुरी १,२००. एकूण २,९६०. याला गॅरेजच्या भाषेत हाफ इंजिन म्हणतात, म्हणजे वरचं हेड, ब्लॉक आणि पिस्टन एवढंच काम. वर ते म्हणाले, "मॅडम, हे वरचं झालं. खाली काय आहे ते खोलल्याशिवाय कळत नाय." मी ते वाक्य तेव्हा फारसं मनावर घेतलं नाही. वहीत २,९६० लिहिलं. शेवटचं बिल ९,५०० झालं, सव्वातीनपट.

हे दर आमच्या गाडीचे, आमच्या गावातले. तुमच्याकडं वेगळे असतील, तेव्हा आकडे उचलू नका, पद्धत उचला. वर्गात मी एकदम ९,५०० सांगितले तेव्हा मुलांचा पहिला शेरा होता, "मॅडम, तुम्हाला फसवलं." घरीही हेच ऐकलं होतं. मग आम्ही फळ्यावर एकेक पायरी मांडली आणि प्रत्येक पायरीला मुलांना विचारलं, इथं तुम्ही काय केलं असतं?

पहिली पायरी धुराची. गाडी चालू केली की पांढरा दाट धूर. २०१९ ला ज्या गॅरेजला गाडी दिली होती तिथं धूर दिसला म्हणून रिंगा बदलल्या. पण अण्णांच्या वहीतच उत्तर होतं, ते कोणी वाचलं नाही. त्या वर्षी गिअर ऑइल तीनदा भरल्याची नोंद आहे. खाली जमिनीवर डाग नाही, तर मग ऑइल जातंय कुठं? टू-स्ट्रोक इंजिनात पिस्टन वर गेला की खालच्या भागात ओढ तयार होते आणि पेट्रोल-हवेचं मिश्रण आत खेचलं जातं. क्रँकच्या एका टोकाला क्लच आहे, तिथं गिअर ऑइल असतं. मधे एक रबरी ऑइल सील. ते सील कडक होऊन फाटलं की मिश्रणाबरोबर गिअर ऑइलही खेचलं जातं आणि जळतं. म्हणून धूर. विज्ञानाच्या शिक्षकांनी हे जरूर वापरावं, हवेच्या दाबाचं याहून चांगलं उदाहरण गावात सापडणार नाही.

सीलांचा अख्खा सेट २४० रुपयांचा. बिलाच्या अडीच टक्के. पण क्लचच्या बाजूचं ते सील बदलायचं तर इंजिन गाडीतून उतरवून त्याचे दोन भाग वेगळे करावे लागतात. म्हणजे हाफचं काम फुल इंजिन झालं आणि मजुरी १,२०० वरून ३,२०० वर गेली. अंदाज एका झटक्यात २,९६० वरून ५,२००. एका मुलीनं फळ्याकडं बघून विचारलं, "म्हणजे मॅडम, ८० रुपयांच्या सीलला २,००० रुपये भाडं?" मला तिचा शब्द आवडला. जुन्या इंजिनाच्या खर्चात वस्तूची किंमत एक आणि त्या वस्तूपर्यंत हात पोचवायचं भाडं वेगळं. बाजारात फक्त पहिली किंमत सांगतात, आपणही तेवढीच विचारतो.

दुसरी पायरी बेअरिंगची, १,१५०. दोन भाग वेगळे झालेच आहेत, बेअरिंग हातात आलंय, फिरवलं की खरखर आवाज येतोय. यावर वर्गात मतभेद झाला नाही. ६,३५०.

तिसऱ्या पायरीवर अर्धा तास गेला. क्रँकचा कनेक्टिंग रॉड. मिस्त्रींनी मुलांना तो हातात धरून दाखवला. बाजूला थोडा हलला तर चालतो, वर-खाली खेळ असता कामा नये. आमच्या रॉडला वर-खाली किंचित खेळ होता. इतका कमी की मुलांपैकी निम्म्यांना जाणवला, निम्म्यांना नाही. मिस्त्री म्हणाले, "चालेल बी, नाय बी. मी सांगत नाय." बदलायचा तर रॉड किट १,३००, आणि क्रँक प्रेसवर खोलून परत सरळ जुळवण्याचे ७००. एकूण २,०००.

नको म्हटलं आणि पुढं रॉड गेला तर? तेच २,०००, शिवाय इंजिन परत उतरवायची मजुरी ३,२००, नवीन सील २४०, गॅस्केट १६०. एकूण ५,६००. आता मुलांना विचारलं, आज खर्च करावा की वाट बघावी? मुलांनी हात वर केले, निम्मे इकडं, निम्मे तिकडं. मग आम्ही भागाकार केला. २,००० भागिले ५,६००, म्हणजे सुमारे ३६ टक्के. रॉड जायची शक्यता शंभरात छत्तीसपेक्षा जास्त वाटत असेल तर आजच बदलणं स्वस्त, कमी वाटत असेल तर थांबणं स्वस्त. दहावीला संभाव्यता शिकवणाऱ्यांनी हे उदाहरण हक्कानं घ्यावं. मागच्या बाकावरून लगेच आवाज आला, "पण शक्यता किती हे कोण सांगणार?" बरोबर आहे. ते गणित सांगत नाही. ज्यानं शंभर रॉड हातात धरलेत तो माणूस सांगतो, आणि आमचा तो माणूस सांगायला तयार नव्हता. मी घरी जाऊन अण्णांना विचारलं. ते म्हणाले, "तुला गाडी परत उतरवायचीय का?" मी रॉड बदलला. ८,३५०.

पुढच्या पायऱ्या लहान आहेत. क्लच प्लेटा आणि स्प्रिंगा ४२०. कार्बोरेटरचं किट आणि प्लग ३८०. गिअर ऑइल, टू-टी ऑइल आणि भाग धुवायला लागलेलं इंधन ३५०. झाले ९,५००. कार्बोरेटरबद्दल एक गोष्ट सांगते. पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असतं आणि जुन्या गाड्यांतल्या काही रबरी भागांना, गॅस्केटना ते मानवत नाही. आमचं कार्बोरेटरचं जुनं पॅकिंग फुगून मऊ पडलं होतं. इथेनॉल उसाचं. वर्गातल्या बहुतेकांच्या घरी ऊस. आपल्याच उसानं आपलं पॅकिंग खाल्लं यावर मुलं बराच वेळ हसत होती.

बिलाची टक्केवारी मुलांना काढायला दिली. सुट्या भागांचे ४,७५०, म्हणजे बरोबर ५० टक्के. मजुरी, बोअर आणि प्रेस मिळून ४,४००, म्हणजे ४६.३ टक्के. उरलेले ३.७ टक्के ऑइलचे. वर्तुळालेख वहीत काढून घेतला. आधी त्यांना अंदाज विचारला होता, तेव्हा बहुतेकांनी मजुरी वीस टक्क्यांच्या आत सांगितली होती. हातानं केलेल्या कामाची किंमत आपण, मोठी माणसंसुद्धा, अशीच कमी धरतो. ज्या मुलाचे वडील फॅब्रिकेशनचं काम करतात तो एकटा म्हणाला होता, "निम्मी तरी असणार."

आणि २०१९ चे १,४०० त्यात धरायचे की नाही? यावर अजून एकमत नाही. माझं मत, धरायचे. घासलेला सिलिंडर गोल राहत नाही. कनेक्टिंग रॉड तिरपा होऊन पिस्टनला एकाच रेषेत पुढं-मागं भिंतीवर दाबतो, त्यामुळं तो त्या दिशेनं जास्त झिजतो आणि लंबगोल होतो. लंबगोलात गोल रिंग टाकली तर फट राहणारच, ती कितीही नवी असो. वर्तुळ आणि लंबगोल कागदावर काढून, एक कापून दुसऱ्यात ठेवून बघायला सांगा. बोअर न मारता टाकलेल्या रिंगांचे ते पैसे वाया गेले, आणि धुराचं कारण तर भलतंच होतं.

मग एका मुलानं सरळ विचारलं, आणि तो प्रश्न टाळायची माझी इच्छा होती. भंगारात ४,००० ची गाडी, तिला ९,५०० कशाला? चोख प्रश्न. व्यवहार म्हणून हा तोट्याचाच आहे, मी तसं कबूल केलं. त्यात सरकारी खर्च निराळा. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं. आमच्या गाडीची मुदत येत्या डिसेंबरला संपते, बारामतीच्या आरटीओ कार्यालयात जावं लागेल. वीस वर्षांपेक्षा जुन्या दुचाकीला ऑगस्ट २०२५ पासून त्याची फी २,००० रुपये झाली आहे, पर्यावरण कर वेगळा. कोणी म्हणेल, जुनी म्हणजे व्हिंटेज, किंमत वाढत जाईल. तर २०२१ च्या केंद्राच्या नियमाप्रमाणे पन्नास वर्षं पूर्ण झालेलं वाहनच व्हिंटेज. पहिल्या १९७२ च्या चेतक २०२२ मध्ये त्यात बसायला लागल्या, आमची बसेल २०३६ मध्ये. नव्या नोंदणीची फी २०,०००, आणि अशी गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर आणता येत नाही. त्या नियमात एक अट मात्र इंजिन बांधणाऱ्यांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे : गाडी मूळ रूपात हवी, सांगाडा, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल केलेला नको. म्हणून कोणी 'दुसरं इंजिनच टाका, स्वस्तात होईल' म्हणालं तर आपलाच ब्लॉक बोअर करणं शहाणपणाचं.

पण हे सगळं सांगूनही मुलाच्या प्रश्नाचं उत्तर झालं नव्हतं. मी त्याला म्हणाले, अण्णांच्या वहीत १९९१ चं पान काढ. त्या पानावर पेट्रोलच्या नोंदींमध्ये एक ओळ आहे, 'बारामती, दवाखाना, रात्री २.' त्या रात्री माझ्या आईला घेऊन ते याच गाडीवर गेले होते. आई आता नाही. मुलगा पान वाचून वही बंद करून माझ्या टेबलावर ठेवून गेला. मीही पुढं काही बोलले नाही, तास संपला होता.

दुसऱ्या कोणाला हा पाठ घ्यायचा असेल तर दोन-तीन गोष्टी सांगते. मुलांना गॅरेजमध्ये नेताना एका वेळी पाच-सहापेक्षा जास्त नेऊ नका, मिस्त्रींचं काम थांबतं आणि त्यांचा दिवस बुडतो. पेट्रोलनं भाग धुणं चालू असताना मुलांना लांब ठेवा. पालकांची चिठ्ठी घ्या. आणि बिल कच्चं असलं तरी चालेल, पण प्रत्येक ओळ वेगळी लिहून मागा. 'इंजिन काम ९,५००' अशा एका ओळीत शिकवण्यासारखं काहीच नसतं.

घरच्या अभ्यासाला आम्ही दुसरी गाडी दिली. प्रीमियर पद्मिनी, मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीवाली. ती बनवणारी प्रीमियर ऑटोमोबाईल्स १९४४ मध्ये वालचंद हिराचंद यांनी काढली, तेच आपल्या शेजारच्या वालचंदनगरचे वालचंद. मुलांना हा धागा माहीत नव्हता. सिलिंडर चार, व्यास ६८ मिलिमीटर, पिस्टनचं अंतर ७५ मिलिमीटर. एकूण क्षमता काढायची (१,०८९ च्या थोडं वर यायला हवी), मग पन्नासचा पिस्टन टाकला तर किती ते काढायचं. आणि तिसरा प्रश्न : सिलिंडर चार आहेत, तर बोअरचा खर्च चौपट होईल, पण इंजिन उतरवायची मजुरी चौपट होईल का? कारण द्या. तिसऱ्याची उत्तरं फार चांगली आली.

गाडी मागच्या पंधरवड्यात सुरू झाली. तिसऱ्या किकला. धूर निळसर, हलका, टू-टीचा असतो तेवढाच. एरवी लिटरला २० मिली ऑइल, मिस्त्रींनी सध्या ३० टाकायला सांगितलंय आणि पहिले ५०० किलोमीटर चाळीसच्या वर न्यायची नाही. रविवारी अण्णांना मागं बसवून जंक्शनपर्यंत जाऊन आले. जाताना गप्प होते. येताना म्हणाले, "दुसरा गिअर लवकर टाकतेस तू." घरी आल्यावर वहीत ९,५०० लिहिले, खाली तारीख घातली. ५०० किलोमीटर झाले की प्लग काढून त्याचा रंग बघायचाय, त्या दिवशी उरलेल्या मुलांना घेऊन जाणार आहे.